बेत आणि माया

'बेत' हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. जेवणाचा बेत असतो, प्रवासाचा असतो, लग्नकार्याचाही असतो. या शब्दाचा एक सख्खा भाऊ शिंप्याच्या दुकानात राहतो. शिंपी कापड नुसते कापीत नाही. तो ते बेततो. अंगाची मापे समोर ठेवावयाची, कापडाचा पन्हा पाहावयाचा, कोणता तुकडा कोठून निघेल ते मनाशी ठरवावयाचे आणि मगच कात्री हाती घ्यावयाची, या साऱ्या व्यवहाराला बेतणे म्हणतात. शिंप्याच्या बोलीतला आणखी एक शब्द मला असाच मोलाचा वाटतो. शिवणीच्या आतल्या बाजूस, बाहेरून दिसू नये अशा रीतीने, कापडाची जी थोडी जास्तीची पट्टी राखून ठेवतात तिला शिंपी 'माया' म्हणतो. बाजारात मिळणाऱ्या कागदी नमुन्यांवरून, घरच्या घरी, वसंत ऋतूपुरते परस्परांशी मेळ असलेले कपडे कसे शिवावेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो या दोन शब्दांत बराचसा सामावला आहे, असे मला वाटते.

एका सरकारी नोकराने शिवणकामावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु नामदेवांसारखा संतकवी शिंपी कुळात जन्मला, आणि त्याच्या अभंगांनी जी भाषा समृद्ध केली त्या भाषेत सुईदोऱ्याविषयी बोलताना कोणी संकोच बाळगावा असे कारण दिसत नाही. शिवाय रविवारी दुपारी आईच्या जुन्या पायमशीनवर बसणे हा गेली काही वर्षे माझा विरंगुळा होऊन बसला आहे. तेव्हा जे सांगणार आहे ते पुस्तकांतून वाचलेले आहे, तसेच बोटांना सुई टोचून घेऊन शिकलेलेही आहे.

वसंताचे आणि कपड्यांचे नाते पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज उमगत नाही. तेथे थंडी पाहुण्यासारखी येते, आणि लोकरीचे कपडे ट्रंकेतून निघतात न निघतात तोच पुन्हा आत जातात. नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या मराठी कुटुंबाला मात्र पहिल्याच वर्षी कळून चुकते की, वसंत हा केवळ काव्यातला ऋतू नाही. वसंत पंचमी ते होळी, आणि फार तर त्यापुढचे दोन-तीन आठवडे, एवढाच त्याचा मुक्काम. सकाळी कामावर निघताना अंगावर उबेचे काहीतरी हवे असते, दुपारी तेच नकोसे होते आणि दिवस मावळला की पुन्हा हवेसे वाटते. हिवाळ्याचे कपडे जड होतात, उन्हाळ्याचे अपुरे पडतात. एकावर एक चढविता आणि उतरविता येईल असाच पोशाख या दिवसांत उपयोगी पडतो. युरोप-अमेरिकेत हा अनुभव अधिक तीव्र असतो. तेथे ईस्टरच्या सणाला नवे कपडे घालण्याची जुनी रूढी आहे, आणि कागदी नमुने विकणाऱ्या कंपन्या वसंताचे नमुने वेगळे काढतात.

हे कागदी नमुने आले कोठून, हे थोडक्यात पाहू. शिंप्याची विद्या फार काळ त्याच्या हातात आणि डोळ्यांत वसत असे. ती बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. इतरांपर्यंत ती सहसा पोहोचत नसे. १८६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मादाम डेमोरेस्ट या नावाने प्रसिद्ध असलेल्या बाईंनी आपल्या नियतकालिकाबरोबर कागदी नमुने देण्यास आरंभ केला. परंतु असा नमुना एकाच मापाचा असे. तो आपल्या अंगाप्रमाणे लहानमोठा करण्याचे कौशल्य वाचणाऱ्या बाईपाशीच असावे लागे. १८६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग या लहानशा गावी एबनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने ही अडचण दूर केली. एकच कपडा अनेक मापांत, प्रत्येक मापाचा स्वतंत्र कागद, अशी त्याने व्यवस्था केली. ही कल्पना मूळ त्याची पत्नी एलेन हिची, असे सांगतात. आरंभीचे नमुने पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे होते. इटलीचा मुक्तिवीर गॅरिबाल्डी याच्या गणवेशासारखा मुलांचा पोशाख त्यांत विशेष लोकप्रिय झाला. स्त्रियांचे नमुने त्यानंतर आले.

पुढे या धंद्यात इतरही उतरले. जेम्स मॅकॉल या स्कॉटिश शिंप्याने १८७० मध्ये न्यूयॉर्कला आपली कंपनी काढली. 'व्होग' नियतकालिकाने १८९९ मध्ये अर्ध्या डॉलरला नमुना देण्यास सुरुवात केली. १९२७ मध्ये 'सिम्प्लिसिटी' निघाली, आणि मंदीच्या काळात तिचे स्वस्त नमुने घरोघर गेले. जुन्या नमुन्यांवर काही छापलेले नसे. पातळ कागदाला पाडलेली छिद्रे आणि कडेच्या खाचा एवढ्यावरून सारे ओळखावे लागे. रेषा आणि अक्षरे छापलेला नमुना १९२० च्या सुमारास मॅकॉल कंपनीने आणला. युद्धानंतर, १९५० साली, जर्मनीतील ऑफेनबुर्ग येथे एने बुर्डा या बाईंनी फॅशनचे नियतकालिक काढले. त्यासोबत येणाऱ्या नमुन्यांच्या मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात. प्रथम पाहणाऱ्यास तो रेल्वेच्या मोठ्या जंक्शनचा नकाशाच वाटतो. १९८७ मध्ये या नियतकालिकाची रशियन आवृत्तीही निघाली. शिंप्याची गुप्त विद्या अशा रीतीने चार आण्यांच्या कागदावर उतरली आणि टपालाने गावोगाव हिंडू लागली. ज्ञान सर्वांना खुले करण्याच्या एकोणिसाव्या शतकातील उद्योगांत छापखाना आणि शाळा यांच्या शेजारी या लिफाफ्यालाही जागा द्यावयास हवी.

आता यातील अडचणीकडे वळू. नमुना अनेकांसाठी काढावयाचा म्हणजे 'सर्वसाधारण' अंग कोणते हे कोणीतरी ठरविले पाहिजे. अमेरिकेत हे काम सरकारने हाती घेतले, ही गोष्ट माझ्यासारख्यास विशेष मनोरंजक वाटते. १९३९ आणि १९४० या वर्षांत तेथील कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापे घेतली, आणि १९४१ मध्ये त्याचा अहवाल कपड्यांच्या आणि नमुन्यांच्या उपयोगासाठी प्रसिद्ध केला. निष्कर्ष काढताना हिशेबात धरल्या त्या केवळ गोऱ्या स्त्रिया. पुढे टपालाने कपडे विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून १९५८ मध्ये मापांचे सरकारी प्रमाण जाहीर झाले, आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. व्यापारी कंपन्या तोपर्यंत आपापल्या वाटेने गेल्या होत्या. म्हणूनच आजही तयार कपड्यांच्या अमेरिकन दुकानात ८ क्रमांक घालणाऱ्या स्त्रीला नमुना बहुधा १२ किंवा १४ क्रमांकाचा लागतो. तेव्हा नमुना घेताना क्रमांकाचा अभिमान बाळगू नये. लिफाफ्याच्या पाठीवर इंचांत दिलेली मापे पाहावीत. खांदा आणि छाती जुळेल तो नमुना घ्यावा. कंबर आणि नितंब यांची मापे मागाहून कमीअधिक करणे सोपे असते, खांद्याचे तसे नसते.

यानंतर येतो तो बेत. परस्परांत अदलाबदल करता येतील अशा सुट्या कपड्यांचा पुरस्कार अमेरिकन वेशकार क्लेअर मॅकार्डेल हिने १९३० नंतरच्या दशकात केला, तेव्हा दुकानदारांना तो फारसा मानवला नव्हता. १९८५ मध्ये डॉना कॅरन हिने केवळ सात कपड्यांचा संच पुढे आणला आणि त्याचा मोठा बोलबाला झाला. यामागील गणित शाळकरी मुलालाही समजेल. खालचे कपडे दोन आणि वरचे तीन घेतले, आणि प्रत्येक खालचा प्रत्येक वरच्याशी जुळला, तर सहा पोशाख होतात. त्यांवर चालेल असे एक जाकीट शिवले की, जाकिटासह सहा आणि जाकिटाविना सहा असे बारा होतात. सहा कपडे आणि बारा पोशाख! अट एकच, की एकही कपडा फटकून वागता कामा नये.

ही अट पाळण्यासाठी रंगांना शिस्त लावावी लागते. एक गडद रंग, एक फिकट आणि एक वसंताची खूण पटविणारा, एवढे तीन पुरतात. गडद निळा, तांदळी पांढरा आणि मोहरीच्या फुलांचा पिवळा हे त्रिकूट दिल्लीच्या आसमंताला शोभते, कारण त्या दिवसांत शहराबाहेर पडले की शेतांतून तोच पिवळा रंग पसरलेला दिसतो. पाटलोण आणि जाकीट गडद निळे करावे. घेरदार स्कर्ट छापील कापडाचा करावा, आणि त्या छाप्यात हे तिन्ही रंग असावेत. वरचे तिन्ही कपडे साधे, एकरंगी असावेत: एक पांढरा, एक पिवळा आणि एक फिकट निळा. नमुनेही सहा लागत नाहीत. वरच्या तिन्ही कपड्यांना एकच नमुना पुरतो. एकाला कॉलर आणि लांब बाह्या द्याव्यात, दुसऱ्याला बिनकॉलरचा गळा आणि आखूड बाह्या, आणि तिसऱ्याची लांबी वाढवून कुर्ता करावा. एकदा नमुना अंगाला नीट बसविला की ते श्रम तीनदा फळाला येतात.

नमुना आता टपालाचीही वाट पाहावयास लावीत नाही. पुष्कळ कंपन्या तो संगणकावरून धाडतात. साध्या कागदावर छापून ती पाने चिकटवावयाची. त्यावर एक लहानसा चौकोन छापलेला असतो. प्रथम तो पट्टीने मोजून पाहावा, कारण छपाईत चौकोन किंचित आकसला तर सारा कपडाच आकसलेला निघतो. दिल्लीतील नेहरू प्लेसच्या चौकात संगणक दुरुस्त होतात आणि त्याच परिसरात कापडाचे तागेही उलगडले जातात. नमुना छापून घ्यावा आणि चार पावलांवर त्याचे कापड विकत घ्यावे, असा योग अन्यत्र क्वचितच जुळत असेल. कापड घेताना पन्हा पाहावा. ३६ इंच पन्ह्याचे हातमागाचे कापड आणि ५८ इंच पन्ह्याचे गिरणीचे कापड यांचे वार सारखे लागत नाहीत. लिफाफ्यावर दोहोंचा हिशेब वेगवेगळा दिलेला असतो. सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. जे आटावयाचे ते अंगावर चढण्यापूर्वी आटलेले बरे! नमुन्यावरील बाण कापडाच्या काठाला समांतर, म्हणजे ताण्याच्या दिशेने ठेवावा. बाण कलला तर पाटलोणीचा पाय पहिल्या धुण्यानंतर नडगीभोवती पीळ घेतो, आणि मग कोणतीही इस्त्री त्याला सरळ करू शकत नाही. शेवटी, चांगल्या कापडाला हात लावण्यापूर्वी तोच कपडा स्वस्त मांजरपाटात कापून, मोठ्या टाक्यांचा धावदोरा घालून, अंगावर चढवून पाहावा. घाईच्या माणसाला हा व्यर्थ खटाटोप वाटतो. माझ्या मते सारे शिवणकाम येथेच घडते.

या ठिकाणी कागदी नमुन्याचे एक वैशिष्ट्य सांगावयास हवे. तो बहुधा अर्ध्याच अंगाचा असतो. कापड दुहेरी घालावयाचे, त्यावर कागद ठेवावयाचा आणि दोन्ही बाजू एकदम कापावयाच्या. उजवे अंग डाव्याचे हुबेहूब प्रतिबिंब आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. पुष्कळांच्या बाबतीत ते कामापुरते खरे असते, सर्वांच्या बाबतीत नसते. माझी धाकटी बहीण शिक्षिका आहे. लहानपणीच्या आजारात तिचा कणा किंचित वाकला आणि उजवा खांदा डाव्याहून पाऊण इंच खाली राहिला. तयार कपड्याचा गळा तिच्या अंगावर नेहमी एका बाजूस ओघळे. एका दुकानात तिला खांद्यात छोटी गादी भरण्याचा सल्ला मिळाला होता. दुकानातल्या आरशापुढे असे पुष्कळदा उभे राहिले की, चूक कपड्याची नसून आपल्या अंगाचीच आहे असे माणसाला वाटू लागते. ती बारा महिने उजव्या खांद्यावर ओढणी टाचून शाळेत जाई.

वसंताचे हे सहा कपडे तिच्यासाठी बेतताना आम्ही प्रथम तो अर्धा नमुना खाकी कागदावर दोनदा उतरविला आणि पूर्ण पुढा व पूर्ण पाठ आखली. उजव्या बाजूस खांद्याचे टोक पाऊण इंच खाली घेतले. तेवढ्याने काखेची गोलाई लहान होऊन बाही आवळली असती, म्हणून गोलाईचा तळही तितकाच खाली नेला. बाहीला मुळीच हात लावावा लागला नाही. मांजरपाटाचा कपडा दोनदा उसवून पुन्हा टाचला. फळ्यावर लिहिताना हात वर जातो, म्हणून तिने भिंतीवर बोटाने लिहून पाहिले. "दादा, हा सरकत नाही," एवढेच ती म्हणाली. त्या वर्षी वसंतात तिची ओढणी कपाटातच राहिली. तिचा खांदा होता तेथेच आहे. बदलला तो कागद.

माझ्या दिवसाच्या कामाशी याचा संबंध मला वारंवार आठवतो. नियम तयार करणे आणि लागू करणे हा आम्हा सरकारी नोकरांचा व्यवसाय. नियमाशिवाय राज्य चालत नाही, जसा नमुन्याशिवाय घरी शिवणारा एक पाऊलही पुढे जाऊ शकत नाही. पण नियम हाही अर्ध्या अंगाचा नमुना असतो. उरलेला अर्धा माणूस तसाच असेल, असे धरून तो लिहिलेला असतो. अर्जदार त्यात बसत नसेल तर त्याच्या खांद्यात गादी भरण्याचा सल्ला देणे सर्वांत सोपे. नियम लिहितानाच खाकी कागद उलगडून दुसरी बाजू आखणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते आपले आहे.

घरी शिवलेला कपडा स्वस्त पडतो काय, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. ब्रिटनमध्ये १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत कपड्यांवर नियंत्रण होते. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला ६६ कूपने मिळत, आणि त्यांत वर्षभराचे सारे कपडे बसवावे लागत. तेव्हा घरचे मशीन हा संसाराचा आधार होता. आज तशी स्थिती नाही. कापड, नमुना, दोरा आणि बटणे यांची बेरीज केली तर तयार सदरा पुष्कळदा स्वस्तच असतो. मात्र एक सदरा शिवण्यास दोन रविवार लागतात हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याला त्या स्वस्ताईचा अर्थ विचारावासा वाटतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही तयार कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. प्रत्येकाने आपले कपडे स्वतः शिवावेत असे माझे म्हणणे नाही. तसे झाले तर त्या लाखो कामगारांच्या पोटावरच पाय येईल. परंतु कॉलर बसविताना किती नजर आणि किती वेळ खर्ची पडतो हे एकदा हाताला कळले की, दुकानातल्या किंमतीच्या चिठ्ठीमागे कोणीतरी बसलेले आहे याचा विसर पडत नाही.

गांधीजी यंत्रांविषयी किती साशंक होते हे आपण जाणतो. तरीही १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. आपल्या पत्नीला हाताने कंटाळवाणी शिवण घालताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र रचले, अशी कथा त्यांनी सांगितली. सिंगरचे चरित्र या कथेला फारसा दुजोरा देत नाही; तो हिशेबी व्यापारी होता. परंतु गांधीजींची कसोटी त्याने बाद होत नाही. यंत्राच्या मुळाशी माणसाविषयी माया असावी, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते.

शिंप्याच्या मायेचा हिशेब इंचांत होतो. अमेरिकन नमुन्यात ती बहुधा पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर छापलेलीच असते. बुर्डाच्या नियतकालिकातील नमुन्यात ती मुळीच नसते. ज्याची त्याने सोडावयाची. कारखान्यातल्या कपड्यात कापड वाचविण्यासाठी ती अगदी चिंचोळी ठेवतात, म्हणून तो कपडा वर्षाने सैल करावा म्हटले तर करता येत नाही. पूर्वी आपल्याकडे मुलींचे परकर वाढत्या अंगाचे शिवीत आणि दरवर्षी खालची दुमड एकेक बोट उसवीत. घरी शिवणाऱ्याने बाजूच्या शिवणींत एक इंच माया खुशाल सोडावी. अंग बदलते, वय बदलते, कपडा धाकट्या बहिणीकडे किंवा मुलीकडे जातो. बेत पाऊण इंचापर्यंत नेमका असावा आणि त्याच्या आत माया थोडी अधिकच असावी. बाहेरून ती कोणाला दिसत नाही. पण उसवण्याची वेळ येते तेव्हा कपड्याला तिचाच आधार असतो.